आईच्या हातचा निबंध



आज पाककृती नाही, व्रतकथाही नाही. आज एक कबुली द्यायची आहे.

माझी धाकटी चौथीत असतानाची गोष्ट. शाळेतून 'माझी आजी' हा निबंध लिहून आणायला सांगितला होता. रविवारी घरात पाहुणे होते. संध्याकाळी सगळं आवरून तिची वही उघडली तर जेमतेम चार ओळी आणि त्यात सहा चुका. मी म्हटलं, आण इकडे. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. वीस मिनिटांत पान भरलं. आजी पहाटे उठते, आजी प्रेमळ आहे, आजी रोज छान छान गोष्टी सांगते, आजी म्हणजे मायेचा सागर. दहापैकी नऊ गुण मिळाले आणि बाईंनी तो वर्गात वाचूनही दाखवला.

घरी आल्यावर तिने तो आज्जीला वाचून दाखवला. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ही कुठली गं आज्जी? शेजारची काय? मला कुठं गोष्टी सांगायला येतात?"

मी हसले, सासूबाईही हसल्या. धाकटी मात्र हसली नाही. "आईनं सांगितलं तसं लिहिलं," एवढंच म्हणाली आणि वही दप्तरात ठेवून दिली.

त्यानंतर कुठलाही निबंध आला की ती कोरी वही माझ्यापुढे धरायची. "आई, सांग." मीही सांगत राहिले. मार्क चांगले पडत होते, मग कशाला काळजी करा? पाचवीच्या सहामाही परीक्षेत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय आला आणि तिने ते पान कोरं सोडलं. तिथे आई नव्हती ना सांगायला!

बाईंनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडी विचारलं तर पाच-पाच मिनिटं बोलते हो. लिहायला सांगितलं की विचारते, बाई, काय लिहू?"

त्या रात्री मी तिच्या जुन्या वह्या काढल्या. दुसरीतल्या वहीत तिने लिहिलं होतं की मांजरीने कपाटात पिल्लं घातली, बाबांचा शर्ट वाया गेला आणि मांजर सॉरीसुद्धा म्हणाली नाही. किती गोड! पण मी त्या खाली काय केलं होतं? लाल पेनाने सात गोल. पिल्लं, शर्ट, कपाट, सगळ्यांना. एकही शब्द कौतुकाचा नाही. पुढची पानं चाळत गेले तशी वाक्यं लहान होत गेलेली दिसली. ज्या शब्दाचं शुद्धलेखन नक्की येतं तोच शब्द ती वापरायला लागली होती. चुका कमी झाल्या म्हणून मी खूश होते. खरं तर तिचं सांगणंच कमी झालं होतं.

मैत्रिणींनो, आपण लेकरांना भाकरी थापायला शिकवतो तेव्हा काय करतो? पहिली भाकरी वेडीवाकडी होते, फाटते, तरी तव्यावर टाकतो आणि कौतुकाने खातो. मग दुसऱ्या भाकरीला पाणी किती घ्यायचं ते सांगतो. लिहिण्याच्या बाबतीत मात्र पहिलीच भाकरी गोल हवी असा आपला हट्ट. नाही झाली की आपणच थापून त्यांच्या ताटात वाढतो.

दिवाळीनंतर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं-लिहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आता पत्रांचं काय? सासूबाईंच्या थोरल्या बहीण बेळगावला असतात. त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं होत नाही, म्हणून दोघी बहिणींचं अजून पोस्टकार्डावर चालतं. मी कामात होते. त्यांनी धाकटीला हाक मारली, "ये गं, अक्काला चार ओळी लिही."

धाकटीने झोकात सुरुवात केली, 'आपली तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे.' वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे मी कुठं म्हटलं? गुडघा दुखायचा थांबला का, असं विचार." तिने ते खोडलं. पुढे 'येथे सर्व क्षेम आहे' लिहिलं. "क्षेम कुठलं? डोळ्यातून पाणी येतंय, आणि सून मला चुलीजवळ जाऊ देत नाही, ते लिही की." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. धाकटी खुदखुदत लिहीत होती. शेवटी कार्डावर जागा उरली नाही, तेव्हा आज्जीने विचारलं, "यातलं काय नसलं तरी चालेल?" दोघींनी मिळून दोन वाक्यं काढून टाकली.

आठवड्याने बेळगावहून उत्तर आलं. गुडघ्याचं होतं, डोळ्याचं होतं, आणि खाली 'पत्र कोणी लिहिलं? अक्षर बरं आहे, पण ओळ चढावर जाते' असंही होतं. त्या दिवशी धाकटीने स्वतःहून पट्टी घेऊन पुढच्या कार्डावर पेन्सिलीने ओळी आखल्या. अक्षर सुधार म्हणून मी तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होते! वाचणारं माणूस खरं असलं की अक्षर सुधारावंसं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दोन-तीन महिन्यांत जे झालं ते मी कुठल्या शिकवणीत पाहिलं नव्हतं. आधी बोलायचं, मग लिहायचं, मग मोठ्याने वाचायचं, आणि जे आपण म्हटलंच नाही ते खोडायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी हे शिकवलं.

आपल्याकडे याला थोर परंपरा आहे. आदिनाथ भगवंतांनी आपल्या मुलींना, ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक शिकवले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पहिली शाळा घरातच भरली आणि विद्यार्थिनी मुली होत्या. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी करतो, ती कशासाठी? जे ज्ञान मुखोद्गत होतं ते विसरलं जाईल या काळजीने धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं आणि त्यांनी षट्खंडागम लिहिला. हातातून निसटेल असं काही असतं, म्हणून माणूस लिहितो. दहा गुणांसाठी कोण मनापासून लिहील?

मग आम्ही घरात काही बदल केले. आपली जेवणं सूर्यास्ताच्या आत उरकतात, त्यामुळे दिवे लागल्यावर एक निवांत तास मिळतो. त्यातली पंधरा मिनिटं लिहिण्याची ठरवली. त्या वेळात मीही लिहिते. वाण्याची यादी असो की हिशेब, पण आईच्या हातातही पेन दिसलं पाहिजे. विषय लहान घ्यायचा. 'माझी आजी' नाही, तर 'आज्जी पाणी कशी गाळते'. 'पावसाळा' नाही, तर 'आज दप्तर कसं भिजलं'. लिहून झालं की तिने वाचायचं आणि मी फक्त प्रश्न विचारायचे. "मग ती काय म्हणाली?" "शर्ट कुठला होता?" उत्तर तोंडी आलं की म्हणायचं, "हेच लिही की." माझं एकही वाक्य द्यायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं.

मग शुद्धलेखन वाऱ्यावर सोडायचं का? मुळीच नाही. पण आठवड्याला एकच नियम, आणि तोही लिहून झाल्यावर. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, पुढे १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. अठराच्या अठरा एकदम डोक्यावर ओतले तर मोठी माणसंही पळून जातील. आम्ही एक नियम स्वयंपाकघरात शिकलो. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या: पीठ, मीठ, तूप, मूग. सगळे दीर्घ. आता हात घाला. पिठात, मिठात, तुपात, मुगात. सगळे ऱ्हस्व! खीर दीर्घ, खिरीत वेलदोडा ऱ्हस्व. चूल दीर्घ, चुलीवर ऱ्हस्व. प्रत्यय लागला की आधीचं अक्षर आखडतं. ती दिवसभर घरात शब्द शोधत फिरत होती. संध्याकाळी येऊन म्हणाली, "आई, जीव जीवालाच राहतो, जिवाला का नाही?" तेव्हा सांगितलं की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ सोडत नाहीत. जीव-जीवाला, गीत-गीतात, शरीर-शरीरात. प्रश्न तिचा होता म्हणून उत्तर लक्षात राहिलं.

शाळेतल्या बाईंशीही मोकळेपणाने बोलले. आधी माझी चूक सांगितली. बाई म्हणाल्या, "अर्ध्या वर्गाचे निबंध घरूनच येतात हो. पन्नास वह्या तपासायच्या असतात, पाठ केलेला निबंध तपासायला सोपा जातो, आमचंही चुकतंच." दोघी हसलो. मग त्यांनी निबंध घरी देणं बंद केलं. वर्गातच दहा मिनिटं शेजारच्याशी बोलायचं, वीस मिनिटं लिहायचं, मग वही शेजारच्याने वाचून दोन प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच निबंध पुन्हा लिहायचा. तपासताना आठवड्याला एकाच प्रकारच्या चुका बघायच्या. बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्यायच्या. सुरुवातीला गुण घसरले आणि काही पालक तक्रार घेऊन गेले. मी गेले नाही.

मार्चमध्ये धाकटीने पुन्हा आज्जीवर लिहिलं, कोणी सांगितलं नसताना. आज्जी पदराच्या टोकाला नाणं बांधते आणि कशाला बांधलं ते विसरते. आज्जीला जप करताना डुलकी लागते आणि हलवलं की म्हणते, मी जागीच आहे. सासूबाईंनी डोळे पुसत ऐकलं. "लबाड," म्हणाल्या, "पण ही मीच."

मला वाटलं, चला, झालं. पण खरी गोष्ट पुढे कळली.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी आली. आपण काय करतो? 'जाणता-अजाणता काही चुकले असल्यास' असा तयार निरोप एकाला आला की तो शंभर जणांना पुढे ढकलतो. त्या वर्षी मी घरात प्रत्येकाला एक कोरं पोस्टकार्ड दिलं. ज्याची क्षमा मागायची त्याला लिहा आणि काय चुकलं तेही लिहा. धाकटीने तिचं कार्ड माझ्या उशीखाली ठेवलं होतं.

तिने लिहिलं होतं, 'आई, बाईंनी निबंध वर्गात वाचला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो तू सांगितला होतास हे मी बोलले नाही. मी खोटं वागले. आज्जीला पण कळलं होतं. मला तिच्याकडे बघायला लाज वाटायची. उत्तम क्षमा.'

दीड वर्षं हे ओझं तिने एकटीने वाहिलं होतं. मी तिला 'सत्य' हा धर्म पाठशाळेत पाठ करायला लावत होते आणि घरी माझंच वाक्य तिच्या नावावर खपवत होते. मला वाटत होतं मी फक्त निबंध लिहून दिला.

त्या कार्डात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. मी हात लावला नाही.

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. दोन कार्डं फाडली. जाणता-अजाणता लिहून सुटता येईना. शेवटी सरळ लिहिलं, 'खोटं तू वागली नाहीस, मी तुला वागायला लावलं. मला मार्क हवे होते आणि वेळ नव्हता. तुझं मांजरीचं लिखाण मी लाल केलं, त्याचीही क्षमा कर. उत्तम क्षमा.' तिने वाचलं, कार्ड कंपासपेटीत ठेवलं आणि खेळायला गेली. आता ती आठवीत आहे. कंपासपेटी बदलली, कार्ड अजून आहे.

तर मैत्रिणींनो, यंदा क्षमावाणीला मुलांच्या हातात एकेक कोरं कार्ड द्या. काय लिहायचं ते सांगू नका, चुका काढू नका, आणि तुमच्या नावाचं आलं तर उत्तर स्वतःच्या हाताने लिहा. सुरुवात तेवढी पुरे आहे.

माझ्या लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.