दोन शब्दांचे देणे

गावातल्या वाण्याला गिऱ्हाइकाची पारख करण्यासाठी वही उघडावी लागत नाही. महिनाअखेर न चुकता हिशेब कोण मिटवतो आणि दुकानासमोरून मान खाली घालून कोण जातो, हे त्याला पुरते ठाऊक असते. परंतु कधी न पाहिलेल्या, दूरदेशीच्या माणसाशी व्यवहार करायचा, तर ही पारख आणायची कोठून? इंटरनेटवरील बाजारपेठांनी यावर शेऱ्यांची तोड काढली. सौदा आटोपल्यावर गिऱ्हाइकाने विक्रेत्याविषयी आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाविषयी दोन शब्द लिहून ठेवायचे; पुढच्या माणसाने ते वाचून विश्वास टाकायचा की नाही, हे ठरवायचे. यांपैकी विक्रेत्याने आपला शेरा केव्हा लिहावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. आम्हांला तो तसा वाटत नाही.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. पियर ओमिड्यार या तरुणाने १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ‘ऑक्शनवेब’ नावाचा लिलावाचा बाजार मांडला. तोच पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, या श्रद्धेने त्याने १९९६ च्या फेब्रुवारीत शेऱ्यांची सोय केली. प्रशंसेला एक गुण अधिक, तक्रारीला एक गुण वजा, आणि दहा गुण जमले की नावापुढे पिवळा तारा, असा तो सरळ हिशेब होता. भारतात ईबेने २००४ साली मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेतली आणि तिची येथील बाजारपेठ २०१८ च्या ऑगस्टपर्यंत चालली. त्यामुळे आपल्यापैकीही अनेकांना या ताऱ्यांचा परिचय झाला.

आम्हांला जुन्या टपाल तिकिटांचा छंद आहे. २००६ च्या सुमारास अशाच एका बाजारपेठेत एका परदेशी विक्रेत्याकडून आम्ही काही तिकिटे घेतली. पैसे त्याच दिवशी धाडले. त्याच्याकडून शेरा मात्र आला नाही. “आधी तुम्ही लिहा, मग मी लिहीन,” असे त्याचे उत्तर आले. पाकीट पोहोचले, तेव्हा अखंड म्हणून वर्णिलेल्या दोन तिकिटांची कडा तुटलेली निघाली. आम्ही सौम्य शब्दांत तेवढेच लिहिले. त्याच संध्याकाळी आमच्या नावापुढे ‘त्रासदायक गिऱ्हाईक’ असा शेरा पडला! पैसे पोहोचायला विलंब झाला होता, असे त्याचेही म्हणणे नव्हते. आमच्या वागणुकीविषयीचा म्हणून जो शेरा जगासमोर गेला, तो वस्तुतः त्याच्या रागाचा होता.

त्या काळी हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हता. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकन अभ्यासकांनी ईबेवरील १९९९ सालचे व्यवहार तपासले, तेव्हा त्यांना आढळले की निम्म्याच्या आसपास गिऱ्हाईक शेरा लिहितात आणि त्यांतले जवळजवळ सगळे गोडच लिहितात. दोन्ही बाजूंचे शेरे एकमेकांशी जुळतात, हेही त्यांनी दाखवले. स्तुतीला स्तुती मिळे, तक्रारीला तक्रार. जो शेवटी बोलेल त्याच्या हाती छडी राहत असे, म्हणून विक्रेता मुद्दाम गप्प राही आणि भिडस्त गिऱ्हाईक खरे बोलायला कचरे. अखेर २००८ च्या मे महिन्यात ईबेने नियम बदलला. विक्रेत्याने गिऱ्हाइकाविषयी चांगले तेवढे लिहावे, नाहीतर काहीच लिहू नये. पैसे बुडवणाऱ्याविषयीची तक्रार थेट बाजारपेठेकडे न्यावी. घरे भाड्याने देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ने २०१४ साली निराळी वाट धरली. यजमान आणि पाहुणा या दोघांनी लिहून होईपर्यंत, अथवा चौदा दिवस उलटेपर्यंत, कोणाचाच अभिप्राय उघड करायचा नाही. जणू दोन बंद पाकिटे एकाच वेळी फोडायची.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या परिचयाच्या एक भगिनी क्रोशाच्या सुईने विणलेले रुमाल, टेबलक्लॉथ परदेशी पाठवतात. त्यांना आम्ही हे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, पैसे आले म्हणून सौदा संपला का? वस्तू मिळालीच नाही म्हणणारे असतात. निम्मे पैसे परत करा, नाहीतर वाईट लिहीन, असे धमकावणारेही असतात. अशांना मी आधीच चांगले म्हणून बसले, तर माझीच फजिती!” त्यांचे दुःख खरे आहे. विक्रेत्याच्या हातून छडी गेली, गिऱ्हाइकाच्या हाती ती राहिली, हेही खरे आहे.

तरीसुद्धा वाचकहो, कोणाचे कर्तव्य कोठे संपते, हे पाहिले पाहिजे. वेळेवर पैसे देणे, पत्ता बिनचूक कळवणे आणि सभ्यपणे बोलणे, एवढे गिऱ्हाइकाचे काम. वस्तू वर्णनाप्रमाणे असणे आणि नीट बांधलेली असणे, हे विक्रेत्याचे काम. आपले काम अजून उरले आहे, म्हणून दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या कामाची पावती अडवून धरणे न्यायाचे नाही. पुढे कोणी लबाडी केलीच, तर तिच्यासाठी तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. त्या भयाने दहा प्रामाणिक माणसांचे देणे थकवू नये.

आता तर संगणकच विक्रेत्याला विचारतो की, शेरा आपोआप केव्हा जावा? पैसे मिळताच, की गिऱ्हाइकाने आपली स्तुती केल्यावर? दुसरा पर्याय निवडला की शेरा पावती राहत नाही, मोबदला होतो. ज्याच्या नावापुढे अजून एकही गुण नाही, अशा नवख्या माणसाचे यात अधिक नुकसान होते. विक्रेते त्याच्याकडे साशंकतेने पाहतात आणि ती शंका फिटायला त्याला पहिल्या दोन-चार शेऱ्यांचाच आधार असतो.

म्हणून आमचे मत असे की, ज्या दिवशी पार्सल टपालात पडेल, त्याच दिवशी शेराही लिहावा. त्यासाठी ‘अत्युत्तम गिऱ्हाईक’ अशी छापील विशेषणे नकोत. ‘पैसे त्याच दिवशी मिळाले, पत्ता स्पष्ट होता’ एवढे खरे वाक्य पुरे आहे. त्या भगिनींना आमचे म्हणणे अजून पूर्णपणे पटलेले नाही. महागाच्या टेबलक्लॉथसाठी त्या पोच मिळेपर्यंत थांबतात. रुमालांच्या पार्सलांबाबत मात्र आताशा पोस्टातून घरी परतल्यावर त्या शेरा लिहून टाकतात. मग गिऱ्हाईक त्यांच्याविषयी काय लिहील, ते त्याच्या सद्‌बुद्धीवर आणि त्यांच्या विणीवर सोपवलेले असते.