आधी सहा पावलं

ब्रेकिंग शिकू पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा डोक्यावरची गिरकी असते. तरी सुरुवात 'सिक्स स्टेप'नेच व्हावी, असं माझं ठाम मत आहे. ती सोपी आहे म्हणून मात्र नव्हे. पुश-अपसारखं ओणवं व्हायचं, उजवा पाय पोटाखालून डावीकडे काढायचा आणि त्याच क्षणी डावा हात उचलून त्याला वाट करून द्यायची. पुढच्या पावलांत पाय हातांभोवती पूर्ण वर्तुळ घेतात आणि सहाव्याला शरीर पुन्हा ओणवं होतं. कंबर सगळा वेळ अधांतरी. ती टेकली की वर्तुळ तिथेच तुटतं. म्हणजे भार तळहातांवर कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हा या नाचाचा गाभाच इथे शरीराला कळतो. गिरकीला लागणारी ताकद नंतरही कमावता येते, पण ही जाण नसेल तर त्या ताकदीचा सगळा ताण मनगटावर आणि मानेवर येतो.

दुसरं कारण तालाचं. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात, तिथे डीजे होता कूल हर्क. गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वापरून लांबवायची युक्ती त्याचीच. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. हे संगीत आठाच्या गणतीत चालतं, पाऊल सहाचं. दर ठोक्याला एक पाऊल टाकलं, तर दोन्ही गणत्यांची सुरुवात पुन्हा जुळते ती २४ ठोक्यांनंतर. एवढा वेळ नवख्याला कान उघडे ठेवावेच लागतात.

उभ्याने करायचा टॉपरॉक आधी शिकवावा, असा एक आक्षेप आहे, आणि तो बराचसा खरा आहे. नाच उभ्यानेच सुरू होतो, म्हणून टॉपरॉक सोबत हवाच. फक्त भार हातांवर घेणं त्यातून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सिक्स स्टेपने सगळे सारखेच दिसू लागतात. पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमध्ये तंत्र, शब्दसंग्रह, सादरीकरण, संगीताची जाण आणि मौलिकता या पाच निकषांना सारखंच वजन होतं. नुसती घोटलेली पावलं तिथे पुरली नसती. पण सारखेपणा येतो तो तिथेच थांबल्याने. तिसऱ्या पावलाला छाती वर असते, दोन्ही पाय समोर मोकळे असतात. तिथून लाथ झाडता येते, दिशा उलटवता येते, ठोक्यावर गोठून फ्रीझ धरता येतो. म्हणून पहिलं वर्तुळ जमताच, गती वाढवण्याआधी, तेच उलट्या दिशेने आणि दुसऱ्या पायाने करून पाहावं.