पंख आपल्या मापाचे

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईनं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायची, हे ऐकूनच आमच्या घरात हसू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुडघ्याला तेल चोळायचे दिवस तुझे!" 'हे' काही बोलले नाहीत, पण वर्तमानपत्राआडून त्यांचे खांदे हलताना मला दिसले. मी मात्र हट्टानं स्कूबाच्या वर्गात नाव घातलंच. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मी. पाण्याची भीती कधी नव्हती.

वर्गाला जायचं म्हटल्यावर बहिणीचा मुलगा उत्साहानं आपल्या फिन्स घेऊन आला. फिन्स म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख. स्कूबात हात जवळजवळ मारायचेच नसतात, सारी वाटचाल पायांवर. "मावशी, भारी आहेत, घे. नुसत्या पडून आहेत," तो म्हणाला. फुकट मिळालेली वस्तू आपण बायका नाकारतो थोडंच! किंचित सैल होत्या, मी आत मोजे घातले. लांब होत्या, म्हटलं, लांब तेवढा वेग जास्त.

पोहण्याच्या तलावात निभावलं. मालवणच्या समुद्रात मात्र तिसऱ्या बुडीनंतर वर आले तर होडी पन्नास-साठ हातांवर, आणि प्रवाह उलटा. पाय मारते, मारते, पण अंतर कमी होईना. एकाएकी उजव्या पोटरीत असा गोळा आला, की तोंडातून शब्द निघेना. होडीवाल्यानं दोर टाकून ओढून घेतलं. फिन्स काढल्या तर दोन्ही टाचा सोललेल्या. त्या रात्री मी मुकाट्यानं पिशवी भरली. मनात एकच वाक्य: झालं बाई वय, सासूबाई खरंच सांगत होत्या.

सकाळी निरोप घ्यायला गेले, तर शिकवणारी मुलगी (माझ्या लेकीच्या वयाची) म्हणाली, "काकू, तुमच्या पायांत काही दोष नाही. दोष या फिन्सचा आहे." भाच्याच्या त्या लांब, कडक फिन्स एका श्वासात खोल बुडी मारणाऱ्यांच्या होत्या. त्या चालवायला त्याच्यासारख्या तरण्या मांड्या हव्यात. त्यात पाय आत सरकत होता, म्हणून टाचा गेल्या. आणि फिन पायातून निसटू नये म्हणून मी नकळत बोटं आवळून धरत होते, म्हणून पोटरीत गोळा!

त्या दिवशी तिनं मला खुर्चीवर बसवून जे शिकवलं, तेच सांगते.

फिन्स मुख्यत्वे दोन तऱ्हेच्या. एक बुटासारखी, टाचेसह सगळा पाय आत जाणारी. ही अनवाणी पायात घालतात. हलकी असते, आपल्या कोमट पाण्यात होडीवरून उडी मारायची असेल तर पुरते. दुसरी टाचेकडे उघडी, मागे पट्टा असलेली. हिच्या आत जाड रबरी बूट घालायचे. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल, किंवा माझ्यासारख्या टाचा नाजूक असतील, तर हीच बरी. मात्र बूट आधी घ्यावेत आणि ते पायात घालूनच फिन्स पाहाव्यात. ब्लाउजच्या मापावर स्वेटर घेतला तर काय होईल, तसंच हे.

मापाची परीक्षा सोपी आहे. फिन घालून बसायचं, पाय उचलून हलवायचा. बोटं सरळ राहिली पाहिजेत, टाच सुळसुळता कामा नये, आणि पावलावर कुठे काचू नये. दुकानात जरा टोचलं तरी "सैल होईल पुढे" म्हणून घेऊ नये.

मग पात्याचा कडकपणा. कडक पातं प्रत्येक लाथेला जोर जास्त देतं, पण पायाकडून वसूलही तेवढंच करतं. मऊ पातं सोसायला सोपं, मात्र उलट्या प्रवाहात कमी पडतं. मधोमध चीर असलेल्या फिन्सही मिळतात. पाय वरखाली हलवत सावकाश पोहणाऱ्यांना, गुडघे कुरकुरणाऱ्यांना त्या सुखाच्या वाटतात. पण बेडकासारखे पाय फाकवून मारायची सवय असेल तर अखंड, रुंद आणि आखूड पातं हवं. मालवणला पाणी नितळ नसलं की खालचा गाळ चटकन उठतो. वरखाली पाय मारणाऱ्याच्या मागे नुसता धुरळा, आणि मागच्या माणसाला काही दिसत नाही. अंदमानला प्रवाळावरून जाताना तर लांब पात्याचा एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडू शकतो. बेडूकचालीत पाण्याचा लोट खाली न जाता मागे जातो.

वजनही पाहावं. रबरी फिन जड, प्लॅस्टिकची हलकी. ज्यांचे पाय पाण्यात वर तरंगतात त्यांना जड फिन बरी पडते; ज्यांचे खाली लोंबतात त्यांना हलकी. हे पहिल्याच दिवशी कळत नाही. म्हणून घाईनं विकत घेऊ नका. चार-पाच बुड्या केंद्राच्या निरनिराळ्या फिन्स घालून मारा, मग पैसे घाला.

आणि पोटरीत गोळा आलाच, तर घाबरायचं नाही. पाय सरळ करून फिनचं टोक हातानं धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं. गोळा सुटतो. सोबत्याला खूण मात्र आधी करावी.

घरी आणल्यावर गोड्या पाण्यानं खळखळून धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात. टोकावर उभ्या करून ठेवू नयेत, पातं वाकतं. कपाटात आडव्या ठेवाव्यात.

मी मध्यम कडक, आखूड, पट्ट्याच्या फिन्स घेतल्या. चौथ्या बुडीला होडी तितकीच लांब होती. मी सावकाश पाय मारत गेले आणि शिडी स्वतःच्या हातानं धरली. होडीवाला म्हणाला, "काकू, आज दोर नको?"

गंमत म्हणजे भाच्यानं फिन्स दिल्या, त्या लागल्या, तर मी त्यांना एकदाही दोष दिला नाही. सगळा माझ्या वयाला दिला. चपलेपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत किती गोष्टी आपण अशा दुसऱ्याच्या मापाच्या वापरतो, आणि दुखलं की आपलंच अंग वाईट म्हणतो!

भाच्याच्या फिन्स पुसून परत पाठवल्या. परवा सासूबाई माझ्या फिन्स उलटसुलट पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "यानं गुडघ्यावर भार येत नाही ना गं?"