गाडी कोणासाठीं?

घरांत एखादी मोठी वस्तु यावयाची असली म्हणजे ती दाराशीं येण्यापूर्वीं कित्येक महिने बोलण्यांत वावरूं लागते. जेवतांना, शेंगा फोडतांना, वाती वळतांना तिचा विषय निघतो. आणि वस्तु एकच असली तरी प्रत्येकाच्या मनांतील तिचें रूप निराळें असतें. २०२५ सालीं आमच्या घरीं नव्या मोटारीसंबंधानें असेंच झालें. त्या वाटाघाटींतून जो एक प्रश्न निघाला, तो आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील भगिनींच्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

आमचें गांव सोयगांव. जिल्हा छत्रपति संभाजीनगर. परंतु गांव अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं असल्यामुळें जिल्ह्याचें ठिकाण आम्हांस घाटापलीकडे पडतें. तिकडे जावयाचें तर वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याचा घाट चढावा, नाहीं तर फर्दापुरावरून अजिंठ्याचा. म्हणून बाजारहाट आणि दवाखाना यांसाठीं आमचीं पावलें जळगांव-पाचोऱ्याकडेच वळतात. पूर्वीं शेंदुर्णीस गेलें कीं पाचोरा-जामनेरची अरुंद रुळांची आगगाडी मिळे. 'पीजे' या नांवानें ती साऱ्या मुलखाची लाडकी होती. २०२० च्या टाळेबंदींत ती थांबली ती थांबलीच. जालना-जळगांव या १७४ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें ऑगस्ट २०२४ मध्यें मंजुरी दिली खरी. पण मंजुरीच्या कागदावर बसून दवाखान्यांत जातां येत नाहीं.

राहतां राहिली एस्. टी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरास पहिली गाडी सुटली, तेव्हांपासून खेड्यापाड्यांचें खरें वाहन हेंच. आतां तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तींत तिकीटहि पडत नाहीं आणि आम्हां बायकांना अर्धेंच पडतें. परंतु आमच्या सासूबाई एकूणऐंशी वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वीं मांडीचें हाड मोडून त्यांची शस्त्रक्रिया झाली. तेव्हांपासून महिन्यांतून दोनदां त्यांना जळगांवास न्यावें लागतें. "तिकीट फुकट आहे ग, पण पायरी फुकट चढतां येत नाहीं," असें त्या हंसून म्हणतात.

घरांत आम्ही नऊ माणसें. आजवर आमचें वाहन म्हणजे जुनी टाटा सुमो. सुमंत मुळगांवकर यांच्या नांवा-आडनांवांतील आद्याक्षरें घेऊन १९९४ सालीं ही गाडी निघाली आणि २०१९ मध्यें ती बनविणें बंद झालें. आमची घेतली तीहि दुसऱ्याच्या हातची. पण तींत नऊ माणसें, पापडांचा डबा आणि वाटेंत भेटलेला एखादा ओळखीचा मास्तर इतकें सारें मावत असे. सासूबाईंना चढण्यासाठीं मात्र आम्ही गाडींत एक लांकडी पाट ठेवीत असूं. पंधरा वर्षें भरल्यावर नोंदणी वाढवून घेतली. परंतु पुढें दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशीं शर्यत करूं लागला, तेव्हां ती विकावी लागली.

मग नवी कोणती? आमच्या चिरंजीवांनीं २०२४ च्या नोव्हेंबरांत जाहीर झालेली स्कोडाची 'कायलॅक' सुचविली. आखूड बांध्याच्या, पण जमिनीपासून उंच अशा ज्या गाड्यांची हल्लीं चलती आहे, त्यांपैकींच ही एक. जन्म चाकणचा; आणि या कंपनीचा हिंदुस्थानांतील पहिला कारखाना २००१ सालीं आमच्याच जिल्ह्यांत, शेंद्र्यास, सुरू झालेला. लोकांकडून नांवें मागवून हें नांव निवडलें. स्फटिकवाचक संस्कृत शब्दावरून तें घेतलें असून त्यांत कैलास पर्वताची आठवण आहे, असें कंपनीचें सांगणें. कैलास म्हटला कीं आमच्या जिल्ह्यांतील माणसास वेरुळचें लेणें आठवतें, त्यामुळें धाकट्या भावजींना नांवच पसंत पडलें. पण नांव पाहून जांवई करीत नाहींत. गाडी तरी कां घ्यावी?

मामंजींच्या मागें घराचा जमाखर्च मीच लिहितें, म्हणून माहितीपत्रक माझ्या हातीं आलें. त्यांत एक आंकडा मला मोठा नवलाचा वाटला. गाडीची लांबी ३,९९५ मिलिमीटर! चार मीटरांना पांचच मिलिमीटर कमी, म्हणजे हरभऱ्याच्या एका दाण्याएवढें अंतर. हा काटकसरीचा प्रकार काय, म्हणून चौकशी केली, तेव्हां उलगडा झाला. २००६ च्या अर्थसंकल्पांत लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क उतरविलें, त्या वेळीं लहान कोणती तें ठरविण्यासाठीं चार मीटरांची रेघ मारली गेली. तेव्हांपासून आपल्याकडे या रेघेच्या आंत अंग चोरून बसणाऱ्या गाड्या निपजूं लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे नवे दर आले. चार मीटरांच्या आंतील, बाराशें घनसेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वीं अधिभारासह २९ टक्के कर होता, तो १८ झाला. म्हणजे १२९ रुपयांची वस्तु ११८ ला, सुमारें साडेआठ टक्क्यांची उतार. रेघेबाहेरच्या गाड्यांवर मात्र ४० टक्के.

हें सारें मी रात्रीं जेवणानंतर समजावून सांगत होतें. सर्वांनीं माना डोलावल्या. तेवढ्यांत माझ्या धाकट्या जाऊबाईंनीं विचारलें, "पांच बसतील, हें समजलें. आपण नऊ. उरलेल्या चौघांनीं काय करायचें?"

कोणी कांहींच बोललें नाहीं. कारण प्रश्न आसनांचा नव्हता. नवराबायको, दोन मुलें आणि झालीच तर एखादी आजी, एवढेंच कुटुंब या गाडीच्या मापांत बसतें. अशी गाडी अंगणांत आली म्हणजे लग्नाकार्याला कोण पुढें जाणार आणि कोण मागाहून एस्. टी.नें येणार, हें दर वेळीं ठरवावें लागणार. आणि ज्याला दर वेळीं मागाहून यावें लागतें, त्याच्या मनांत घराची वांटणी कागद होण्याच्या फार आधीं होऊन गेलेली असते. चार मीटरांच्या आंत सात आसनें मांडलेल्या गाड्याहि आहेत. परंतु शेवटल्या ओळींत शिरण्यास जी लवचिक कंबर लागते, ती आमच्या घरांत दोघांकडेच आहे. आणि सात म्हणजे कांहीं नऊ नव्हेत.

तरी पण जुन्या गाडीचे गोडवे गातांना एक गोष्ट मला विसरतां येईना. त्या नऊ जणांपैकीं मागें समोरासमोर बसणाऱ्यांना ना पट्टा, ना पाठीला नीट आधार. मुलें मांडीवर. आपण सगळे एकत्र आहों या आनंदांत घाटाचीं वळणें निभावून गेलीं, एवढेंच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एन्‌कॅप' ही गाड्या आपटून पाहण्याची परीक्षा सुरू झाली. तींत कायलॅकला जानेवारी २०२५ मध्यें पांच तारे मिळाले. सहा हवापिशव्या अगदीं स्वस्त प्रकारांतहि आहेत, आणि मागच्या मधल्या आसनासहि पुरता तीन टोकांचा पट्टा आहे. पांचांची बैठक कोती आहे खरी. पण पांचहि जण सांभाळले जातात, हें तिच्या बाजूस जमा धरावें लागलें.

आतां खर्च. नोंदणी, राज्याचा अकरा टक्के एकरकमी कर आणि विमा धरून आम्हांस परवडेलसा प्रकार साडेदहा लाखांच्या घरांत जात होता. जुन्या गाडीचे आलेले आणि शिल्लक मिळून साडेपांच लाख होते. राहिले पांच. "बँकेंत पुतणीच्या नांवची ठेव आहेच, ती मोडूं आणि कापूस विकल्यावर भरून टाकूं," असें चिरंजीवांचें म्हणणें. पुतणी पुण्यास भौतिकोपचाराचें शिक्षण घेत आहे. अजून दोन वर्षांची फी भरावयाची आहे. कापसाचा भाव आणि पाऊस यांच्या भरंवशावर मुलीचें शिक्षण गहाण टाकण्यास मी साफ नकार दिला. पांच लाख नऊ टक्क्यांनीं पांच वर्षांसाठीं काढले, तर हप्ता सुमारें १०,४०० रुपयांचा आणि व्याज एकूण १ लाख २३ हजार. ठेवीवर मिळणारें व्याज वजा घातलें तरी भुर्दंड उरतोच. पण ती ठेव कोणी हात लावण्यासारखी वस्तु नाहीं, हें घरांत एकदां ठरून जाण्याची ती किंमत समजावी.

उलट बाजूहि मीं मांडली. जळगांवच्या खेपेस भाड्याची गाडी २,८०० रुपये घेई. महिन्याच्या दोन खेपा म्हणजे ५,६००. नव्या गाडीचा नुसता हप्ताच याच्या जवळजवळ दुप्पट. पेट्रोल आणि देखभाल निराळी, आणि दुरुस्तीसाठीं गांवाबाहेर जाणें आलेंच. वहीचा कौल स्वच्छ होता : गाडी घेऊं नये.

परंतु त्याच आठवड्यांत एक गोष्ट उघडकीस आली. रात्रीं सासूबाई झोपेंत कण्हत असल्याचें जाऊबाईंच्या ध्यानांत आलें. खोदून विचारतां कळलें कीं, मागच्या तीन तपासण्यांपैकीं दोन त्यांनीं "मला आतां बरें वाटतें" म्हणून चुकविल्या होत्या. बरें मुळींच वाटत नव्हतें. "दर खेपेला तीन हजार रुपये माझ्या पायावर ओतायचे, आणि पोरीची फी तोंडावर आलेली," एवढेंच त्या म्हणाल्या. म्हणजे भाड्याची गाडी स्वस्त पडत होती, ती सासूबाई आपलें दुखणें लपवून ती स्वस्त पाडीत होत्या म्हणून! माझ्या वहींत हें सदर नव्हतें.

मग आम्ही त्यांनाच घेऊन गाडी पाहावयास गेलों. विकणारा तरुण मोठा आर्जवी. छताची सरकती कांच कशी उघडते, पडद्यावर काय काय दिसतें, हें तो चिरंजीवांना हौसेनें दाखवीत होता. बाहेरच्यांच्या डोळ्यांत भरावें म्हणूनहि गाड्या घेतल्या जातात, हें आमच्या जिल्ह्याला नवें नाहीं. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादच्या मंडळींनीं एकजुटीनें दीडशें मर्सिडीझ गाड्या घेतल्या. शहराचें नांव सर्वांच्या नजरेस यावें, हा त्यांचा उघड हेतु होता, आणि तो साधलाहि. पण आमच्या अंगणांतील गाडीनें कोणाची नजर ओढावयाची होती? पाहुण्यांना अजिंठा दाखवावयास ती होईल म्हणावें, तर लेण्यांकडे जाणाऱ्यांनीं आपलें वाहन फर्दापूरच्या फाट्यावरच ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनें जावयाचें असतें.

सासूबाईंनीं दार धरलें, आधीं पाठ टेकून बसल्या, मग पाय आंत घेतले. ना वांकावें लागलें, ना चढावें लागलें. पुन्हां आपल्या आपण उतरल्या. आम्ही सगळे आनंदून त्यांच्याकडे पाहूं लागलों. त्या म्हणाल्या, "बसतां येतें, उठतांहि येतें. पण दुपारीं अकराला पुरुष माणसें शेतावर नि शाळेंत असतात. तेव्हां मला कांहीं झालें, तर चावी खुंटीवर आणि गाडी दारांत. नेणार कोण?"

सगळ्या चर्चेंत हा प्रश्न आम्हां कोणालाच सुचला नव्हता. आणि निर्णय झाला तो यावरच. घरांतील निदान एका स्त्रीला मोटार चालविण्याचा परवाना मिळाल्याखेरीज गाडी आणावयाची नाहीं, असें ठरलें. धाकट्या जाऊबाई पुढें झाल्या. वय चव्वेचाळीस. शिकाऊ परवाना काढून त्यांनीं सकाळीं सहाला धडे घेण्यास आरंभ केला. मध्यें दसरा आला. 'मुहूर्त साधा' म्हणून विकणाऱ्याचे निरोपावर निरोप येत होते. दसऱ्याला आम्ही झेंडूचें तोरण सायकलीला बांधलें. जाऊबाईंच्या हातीं पक्का परवाना आला आणि मगच, मार्गशीर्षांत, गाडी घरीं आली. सरकत्या छताचा प्रकार घेतला नाहीं. ते पैसे वाचले.

वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं चार ओळी लिहून ठेविल्या आहेत. दवाखान्याचें काम निघालें तर बाकी सर्व कामें मागें. पुतणीच्या ठेवीस हात लावावयाचा नाहीं. चावी एकाच्या खिशांत नव्हे, स्वयंपाकघराच्या खुंटीवर. आणि सगळ्यांनीं मिळून कोठें जावयाचें असेल, तर सगळ्यांनीं एस्. टी.नें जावयाचें, सासूबाईंना पोंचविण्यापुरती गाडी पुढें. या चौथ्या ओळीस चिरंजीवांनीं थोडें नाक मुरडलें. पण पौषांतील एका मुंजीस आम्ही तसेच गेलों, आणि बसमध्यें जाऊबाईंची जागा रिकामी राहिली, कारण त्या सासूबाईंना घेऊन पुढें गेल्या होत्या.

नवी गाडी बाजारांत आली कीं घरोघर 'कोणती घ्यावी' आणि 'परवडेल कां' हे दोन प्रश्न विचारले जातात. त्यांआधीं 'कोणासाठीं' हें विचारून पाहावें, आणि तें विचारतांना घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास जवळ बसवून घ्यावें. एखाद्या घरीं याचें उत्तर 'गाडी नको' असेंहि येईल, आणि तें तितकेंच योग्य ठरेल. आमच्या घरीं हप्त्याची तारीख जवळ आली कीं मला अजूनहि हिशेब दोनदां करावा लागतो. पण सासूबाईंनीं त्यानंतर एकहि तपासणी चुकविलेली नाहीं. आणि परवां दोन वर्षांनीं प्रथमच त्या पाचोऱ्यास आपल्या बहिणीकडे जेवून आल्या.