रकाना नंबर अकरा

तर झालं असं, की चिरंजीवांना सतरावं लागलं आणि वाढदिवसाला काय हवं ते त्यांनी आम्हाला कळवलं. आमच्याकडे हल्ली सगळं असं 'कळवलं' जातं. नवीन फोन नको, बूट नकोत. मोआबला जायचं, एक दिवस गाईड घेऊन माउंटन बाइकिंग करायचं. आणि पुढची अट : "बाबा, तू पण चालवायचीस. गाडीत बसून फोटो काढायचे नाहीत."

ज्यांना मोआब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युटा राज्याच्या पूर्वेला, कोलोरॅडो नदीच्या काठी लाल खडकांच्या मधोमध वसलेलं हे छोटंसं गाव. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळपास युरेनियम सापडलं आणि गाव एकदम फुगलं. पुढे युरेनियमचा जोर ओसरला, गाव बसलं, आणि ऐंशीच्या दशकात सायकलवाल्यांनी ते पुन्हा उठवलं. तिथली सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे स्लिकरॉक. आखली १९६९ मध्ये, तीही मोटरसायकलवाल्यांसाठी. जवळजवळ १० मैलांची, नुसत्या उघड्या खडकावरून जाणारी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसल्यात आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे फटकारे मारलेत, त्यांच्या मागे जायचं. नाव 'निसरडा खडक', कारण घोड्यांच्या नाला त्यावरून घसरायच्या. सायकलचं रबर मात्र त्याला घट्ट धरतं म्हणे. चिरंजीवांना अर्थातच स्लिकरॉक हवी होती.

आता अस्मादिकांची सायकल-कारकीर्द. सांगलीत वडिलांच्या बावीस इंची सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलो. मग दहावीपर्यंत शाळा, क्लास, दळण आणि रॉकेल. एकदा बहिणीला डबल सीट घेऊन आयर्विन पुलावरून येताना दोघंही पडलो, त्याची खूण अजून कोपरावर आहे. एवढ्या भांडवलावर मी "हो, येतो की" म्हणून टाकलं. ॲरिझोनात चँडलरला राहून मला बारा वर्षं झाली. वाळवंटात राहतो असं आम्ही नातेवाइकांना सांगतो खरं, पण राहतो ते एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि तिथून एसीच्या ऑफिसात. वाळवंट खिडकीतून दिसतं.

पैसे भरल्यावर टूरवाल्यांचा फॉर्म आला. मी म्हटलं, नाव-पत्ता असेल. छे! उंची, वजन, पायाची आतल्या बाजूने लांबी (ही मोजण्यासाठी बायकोने मला भिंतीला उभं करून पुस्तक आणि टेप घेतली, तो प्रसंग इथे सांगत नाही). पायडल साधं हवं की बूट अडकवायचं. शाकाहारी का. रकाना नंबर नऊ : तुमचं कौशल्य. नवशिका, मध्यम, तरबेज. रकाना नंबर अकरा : काही आजार, औषधं, हृदयविकाराचा घरात इतिहास.

नऊमध्ये मी 'मध्यम' लिहिलं. 'नवशिका' लिहिलं तर ते सोप्या वाटेवर नेणार हे त्याखालीच स्पष्ट लिहिलेलं होतं. अकरामध्ये लिहिलं : 'काही नाही.'

मंडळी, हे लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, ते आता आठवलं की कसंतरीच होतं. मी पाच वर्षं ब्लडप्रेशरची गोळी घेतोय. आणि माझे वडील चौपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मी आता एकोणपन्नासचा आहे.

असो. तयारीला लागलो.

पहिली गोष्ट कपड्यांची. सायकलच्या चड्डीला आतून जाड गादी शिवलेली असते. मी ती आणली, घातली आणि ऐटीत बाहेर आलो. चिरंजीवांनी दोन सेकंद पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "बाबा, आत काही घातलंयस का?" म्हटलं, अर्थात! तर नाही घालायचं. आतल्या कपड्याची शिवण घासते आणि तीन तासांनी माणूस बसायच्या लायकीचा राहत नाही. वर एक मलमही लावायचं असतं. बायको हसून हसून खाली बसली. मुलाकडून हे धडे घ्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हवेची. सांगलीत हवा भरली की आम्ही अंगठ्याने चाक दाबून बघायचो, दगडासारखं लागलं की खूश. इथे उलटं. रस्त्याच्या सायकलमध्ये ८०-१०० पीएसआय हवा असते, माउंटन बाइकमध्ये जेमतेम २५. चाक मऊ हवं, म्हणजे ते दगडाला धरून चालतं. आत ट्यूब नसते, पातळ चिकासारखं एक द्रव्य असतं. काटा घुसला की ते स्वतःच भोक बुजवतं. आमच्या शाळेजवळच्या पंक्चरवाल्या काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला पाण्याच्या घमेल्यात बुडवलं असतं. सीटही तशीच. उतार आला की हँडलवरचं बटण दाबून ती खाली घालायची, ढुंगण मागे न्यायचं आणि पायडलवर उभं राहायचं. चाळीस वर्षं मी सायकलवर बसत होतो. आता कळलं की बसायचं नसतंच.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाठीवरच्या सॅकमध्ये तीन लिटरची पिशवी, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी. कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही, येतो तसा उडून जातो, म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं. दुकानात क्षारांच्या रंगीबेरंगी गोळ्या मिळतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग लिंबू-साखर-मीठ घाल की. त्याला गोळ्या कशाला?" आईला मी आणखी काही सांगितलं नव्हतं. सायकल चालवायला जातोय एवढंच. तिने विचारलं, "उन्हात?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

सरावासाठी आम्ही साउथ माउंटनला जायला लागलो. फीनिक्सच्या दक्षिणेला हा शहराच्या मालकीचा भलामोठा डोंगराळ पार्क आहे आणि त्यात 'डेझर्ट क्लासिक' नावाची एक बरीचशी सरळ पायवाट आहे. इथल्या उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून सांगतो, २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर किंवा तिथवर गेला होता. त्यामुळे पहाटे साडेचारला उठायचं, उजाडताना सायकलवर आणि ऊन चढायच्या आत घरी.

आणि खरं सांगतो, ते फार सुंदर असतं. बारा वर्षं मी हे बघितलंच नव्हतं. हात वर करून उभे असलेले सग्वारो, पावसाळ्याच्या सरी येऊन गेल्या की येणारा क्रिओसोटच्या झुडपांचा वास, पळणारे लाव्हे. चोया नावाचा एक निवडुंग असतो, त्याचे काटेरी गोळे नुसता स्पर्श झाला की तुटून अंगाला चिकटतात. हाताने काढायला गेलं तर हाताला चिकटतात. त्यावर उपाय कंगवा! दात गोळ्याखाली घालायचे आणि झटक्यात उडवायचा. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये कंगवा आहे. (मला टक्कल आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहेच.)

चौथ्या की पाचव्या रविवारी एका चढावर मी उतरलो, सायकल टेकवली आणि वाकून बूट बांधला. उभा राहिलो तर समोरचा डोंगर हळूच डावीकडे सरकला. मी खाली बसलो. दहा-पंधरा सेकंदं, जास्त नाही. चिरंजीव पुढे गेले होते ते मागे आले. "काय झालं?"

"काही नाही रे. बूट."

आता वडिलांची गोष्ट सांगतो. त्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल काढली तेव्हा आईने विचारलं होतं, चेहरा असा का दिसतोय? ते म्हणाले, "काही नाही, ॲसिडिटी आहे." दुपारी त्यांचे ऑफिसातले दोघं सायकल हातात धरून चालत आमच्या घरी आले. मी पायरीवर बसलो होतो. सायकल त्यांच्याशिवाय येताना पाहिली आणि मला कळलं.

"काही नाही" हे दोन शब्द मी जसेच्या तसे उचलले होते. आवाजसुद्धा.

सोमवारी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी बसवून आणि उभं करून बीपी घेतलं, गोळीचं नाव बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत आणि त्यातलं एक लघवीवाटे शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढतं. म्हणजे मी एकीकडून पाणी भरत होतो आणि दुसरीकडून नळ उघडा! "पाच वर्षांत तुम्ही घाम येईल असं काही केलंच नव्हतं, म्हणून हे पुढे आलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी गोळी बदलली. ईसीजी झाला, छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर पळवलं, दोन आठवडे रोज बीपी मोजून वहीत लिहायला लावलं. शेवटी परवानगी मिळाली, पण धाप लागली की थांबायचं, ईर्ष्या नाही या अटीवर. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हेही तीनदा सांगितलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "फॉर्ममध्ये काय लिहिलंयस?"

दुसऱ्या दिवशी टूरवाल्यांना फोन केला. पलीकडे गाईड मुलगीच होती, तिशीच्या आतली असावी. अकरा नंबर सांगितला. तिने टाइप करून घेतलं, गोळ्यांची नावं विचारली, "बरं झालं सांगितलंस" म्हणाली. मग मीच म्हणालो, "आणि नऊ नंबरसुद्धा." ती हसली. म्हणाली, ते बहुतेकजण नंतर बदलतात. मग तिने दुसरी वाट सुचवली. क्लोंडाइक ब्लफ्स. चढ-उतार बेताचे, आणि खडकात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे. स्लिकरॉकवर एक छोटी सरावाची वाट आहे ना, असं मी चाचपून पाहिलं. तर ती फक्त लांबीला छोटी आहे, चढ तेवढेच उभे!

आता हे चिरंजीवांना सांगायचं होतं. सांगितलं. बीपीचंही आणि आजोबांचंही. आजोबा कसे गेले हे त्याला नुसतं 'हार्ट अटॅक' एवढंच माहीत होतं. तो "ओके" म्हणाला आणि खोलीत गेला. सतरा वर्षांच्या मुलाच्या 'ओके'मध्ये काय काय असतं ते सतरा वर्षांच्या मुलांच्या बापांनाच ठाऊक. दोन दिवस घरात त्याचं फक्त जेवण चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी तोडगा काढला, की तू दुसऱ्या ग्रुपबरोबर स्लिकरॉकला जा, मी थोडे जास्त पैसे भरतो, मी क्लोंडाइकला जाईन, संध्याकाळी भेटू. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "मग बाबा, एकत्र कशाला चाललोय आपण?"

पुढच्या वर्षी या दिवसांत तो कॉलेजात असेल. कुठल्या गावात, ते अजून ठरलेलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. फ्लॅगस्टाफ, केयेंटा, मॉन्युमेंट व्हॅली करत आठ तासांचा रस्ता. ॲरिझोनात घड्याळ बदलत नाहीत, वाटेतल्या नावाहो भागात बदलतात, युटात बदलतात. त्यामुळे मोआबला पोचेपर्यंत माझं मनगटावरचं घड्याळ, गाडीतलं घड्याळ आणि बायकोचा फोन या तिघांत एकमत उरलं नव्हतं. सकाळी सातला हजर व्हायचं होतं, म्हणून मोटेलमध्ये तीन गजर लावले.

रात्री पलंगावर सगळं मांडलं. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, सनस्क्रीन, पातळ जाकीट (पहाटे तिथे गारठा आणि दुपारी पारा तिशीकडे), शेंगदाण्याचे लाडू, गोळ्यांची डबी, कंगवा. चिरंजीवांनी पाण्याच्या दोन्ही पिशव्या घेतल्या, सिंकपाशी उभं राहून लिंबं पिळली. "बाबा, मीठ किती?" मी म्हटलं, आजीला विचार. त्याने खरंच फोन लावला. सांगलीत सकाळ होती.

सकाळी गाईडने आधी जमिनीबद्दल सांगितलं. वाळूवर जी काळपट, खडबडीत साय दिसते ती जिवंत आहे, सूक्ष्म जीवांनी विणलेली. तिच्यामुळे वाळू जागेवर राहते, आणि एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे उतरायचं तर खडकावर, वाटेबाहेर नाही. मग तिने एकेकाची सायकल हातात घेतली. मागच्या शॉकवर एक रबरी रिंग असते. माणूस बसला की शॉक दबतो आणि रिंग सरकते. साधारण पाव हिश्श्यावर थांबली की हवा बरोबर. हवा ती आधीच फॉर्ममधल्या वजनाप्रमाणे भरून ठेवते.

मी बसलो. रिंग पाव हिश्श्यावरून निघाली ती अर्ध्याच्या जवळ जाऊन थांबली.

तिने रिंगकडे पाहिलं, मग तिच्या कागदाकडे, मग माझ्याकडे. नऊ आणि अकरा दुरुस्त झाले होते. तीन नंबरचा रकाना माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"पाठीवर तीन लिटर पाणी आहे," मी म्हणालो.

चिरंजीव पलीकडे तोंड करून हसत होते. तिने पंप काढला.