एक हजार डॉलरचा रस्ता

क्वीन्स, न्यूयॉर्क

चि. मुक्तास,


तुझं पत्र पोचलं. नगररचना शिकायला कोलंबियात येतेयस म्हटल्यावर तुझ्या काकांनी लगेच १९१३ सालाचा विषय काढला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब इथेच आले होते ना! त्यांचा अर्धपुतळा ग्रंथालयात आहे, तो तू बघशीलच. पण तुझा एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचून तू विचारतेस, शेजारच्या वस्तीसाठी शिकवण्या, रक्तदाब तपासणीची शिबिरं, एवढं सगळं चालतं, तरी हार्लेमची माणसं नाराज का?

कारण दिलेल्याची यादी माहितीपत्रकात छापतात, घेतलेल्याची छापत नाहीत.

आल्यावर मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतर. वर टेकाडावर विद्यापीठ, खाली हार्लेम आणि मधल्या कड्यावर ही बाग. बाग शहराची, म्हणजे सगळ्यांची. साठच्या दशकात तिच्यातली दोनेक एकर जागा कोलंबियाला व्यायामशाळेसाठी मिळाली. आराखड्यात दारं दोन होती. वरचं विद्यार्थ्यांना, खालचं हार्लेमवाल्यांना. आणि खालून येणाऱ्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग. दोन दारं म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला काय आठवतं ते मी लिहायला नको. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या. व्हिएतनाम युद्धाचा राग त्यात होताच, पण ही व्यायामशाळाही होती. काम थांबलं ते कायमचं. खडक फोडून केलेला खड्डा कित्येक वर्षं तसाच पडून होता, मग त्याचं तळं झालं. आज त्यात कासवं आहेत, कड्यावरून पाणी सोडलंय, आणि काठावरच्या बाकांवर दोन्हीकडची माणसं बसतात. शेजाऱ्यांच्या उपयोगाचं एवढं चांगलं काम विद्यापीठाने न बांधता केलं, असं तुझे काका म्हणतात. त्यांची जीभ तुला माहीतच आहे.

पुढचा अध्याय मॅनहॅटनव्हिलचा. २००३ च्या सुमारास कोलंबियाने १२५ व्या रस्त्याच्या वरच्या अंगाला १७ एकरांचा नवा परिसर उभारायचं जाहीर केलं. बहुतेकांनी जागा विकल्या, काहींनी नाही म्हटलं. त्यांत एक गोदामवाला होता आणि एका पंजाबी कुटुंबाचे पेट्रोलपंपही होते. मग राज्य सरकारने सक्तीच्या भूसंपादनाचा बडगा उचलला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. खासगी विद्यापीठाचा विस्तार हेही सार्वजनिक काम ठरलं! ठरलं तर ठरलं. पण मग सार्वजनिक कामाचे नियमही त्याला लागू व्हायला हवेत की नाही?

या विस्ताराच्या मोबदल्यात २००९ मध्येच वस्तीशी करार झाला होता: १५ कोटी डॉलर, बऱ्याच वर्षांत विभागून. त्यातून घरांना, शिक्षणाला मदत मिळाली, ते मी नाकारत नाही. विद्यापीठाच्या पाठिंब्याने विज्ञान आणि गणिताची सरकारी शाळा चालते, मॅनहॅटनव्हिलच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर शेजाऱ्यांसाठी आरोग्य केंद्र आहे. आता दुसरा आकडा बघ. शिक्षणसंस्था म्हणून कोलंबियाला मालमत्ता कर माफ आहे, आणि न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ही माफी वर्षाला १८ कोटी डॉलरच्या वर जाते. म्हणजे सगळ्या करारापेक्षा एका वर्षाची सूट मोठी. रस्ते, अग्निशमन, कचरा यांचा खर्च मात्र शहराचा. गंमत अशी की बाबासाहेबांचे इथले गुरू सेलिग्मन हे करशास्त्राचे नावाजलेले पंडित! येल विद्यापीठालाही अशीच सूट आहे, तरी २०२१ मध्ये त्यांनी न्यू हेवन शहराला सहा वर्षांत मिळून साडेतेरा कोटी डॉलर स्वेच्छेने द्यायचं कबूल केलं. येल काही संत नाही, पण निदान पैसे शहराच्या तिजोरीत जातात आणि ते कुठे खर्चायचे हे लोकांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. शिबिरं भरवली की मात्र ते दाता ठरवतो.

आणि विद्यापीठाच्या आवारातून जाणारा तो ११६ वा रस्ता. १९५३ मध्ये शहराने त्याचा ब्रॉडवे ते ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू हा तुकडा विद्यापीठाला एक हजार डॉलरला दिला, पायी जाणाऱ्यांची वाट मोकळी राहील या बोलीवर. गाझा युद्धावरून विद्यापीठात झालेल्या २०२३-२४ च्या आंदोलनांपासून त्याच्या दोन्ही फाटकांवर ओळखपत्रं तपासू लागले. गुडघे दुखणाऱ्या शेजाऱ्याला भुयारी रेल्वे गाठायला ११४ व्या किंवा १२० व्या रस्त्याने वळसा पडू लागला. शेजारी कोर्टात गेले. माझ्या मते विद्यापीठाचं पहिलं देणं हे आहे: ती वाट आणि कराचा वाटा. शिकवण्या आणि रक्तदाबाची तपासणी त्यानंतर.

तुझ्याकडे मात्र माझं एक मागणं आहे. घर शोधताना विद्यापीठाच्या मालकीची खोली मिळत असेल तर तीच घे, थोडी महाग पडली तरी. १२५ च्या पलीकडे चौघींनी मिळून घर घेतलंत की चौघींचे पैसे एकत्र होतात. तेवढं भाडं बस चालवणाऱ्याचं कुटुंब देऊ शकत नाही, आणि घरमालकाला पुढच्या वर्षीचा भाव कळतो. पैसे कमी पडले तर मला कळव, संकोच करू नकोस.

तुझी,
मावशी