भेगेवरची पट्टी

यांची निवृत्ती ३१ मेची. रेल्वेच्या नियमाप्रमाणे त्यानंतर चार महिने क्वार्टर नेहमीच्या भाड्यात ठेवता येतं, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आम्ही अठ्ठावीस वर्षं काढली. हे इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, मी घरात. नळ गळला की तक्रारवहीत लिहायचं, भिंतीला पोपडे आले की वाट बघायची. घर आपलं नाही तर त्याची काळजीही आपली नाही, ही सवय इतकी मुरलेली, की स्वतःचं घर घ्यायचं म्हटल्यावर मला आधी भीतीच वाटली.

नागपूरला फ्लॅट घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं. धाकटे दीर तर दोन स्कीमचे कागद घेऊनच आले. "वहिनी, म्हातारपणी आपल्या माणसांत या." आता आपली माणसं कोणती? १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. दुर्ग, रायपूर, राजनांदगावात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. शिवाय माझं अर्धं आयुष्य इथल्या बायकांबरोबर भाजी निवडण्यात गेलंय. पण खरं कारण पैशाचं होतं. हाती बावीस लाख राहणार, त्यातले सहा दुखण्याखुपण्यासाठी बाजूला. उरलेल्या सोळांत नागपूरच्या पार बाहेर एक बेडरूम मिळत होती, सातव्या मजल्यावर.

आणि इथे देवबलौद्याच्या रस्त्याला, जुन्या गल्लीत, बारा लाखांत एक घर होतं. पुढे विटांच्या दोन खोल्या, वर कवेलू, मागे नंतर जोडलेलं स्वयंपाकघर, परसात मुनग्याचं झाड. मुनगा म्हणजे शेवगा. आम्ही वर्धेकडचे, आम्हीही मुनगाच म्हणतो.

मेच्या मधल्या आठवड्यात बघायला गेलो. पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघून थेट आढ्याकडे गेलेली. यांनी बोट घातलं, पेरापर्यंत आत गेलं. "चल," हे म्हणाले. घरमालकीण ऐंशीच्या घरातली. गल्ली तिला दाई म्हणते. ती खाटेवरून न उठता मला म्हणाली, "घाम म फूटथे नोनी, पानी म जुर जाथे." उन्हात फुटते, पावसात जुळते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोणी नोनी, म्हणजे पोरी, म्हटल्याचं हसू आलं. पण थांबले मी दुसऱ्याच कारणासाठी. माहेरी माजघरात अशीच भेग होती. उन्हाळ्यात आम्ही पोरं तिच्यात चिंचोके लपवायचो, आणि श्रावणात ते निघायचे नाहीत.

छत्तीसगढी शेतकरी मातीची चार नावं सांगतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा लाल, मुरमाड, कोरडी. कन्हार म्हणजे आपली काळी. पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते, आणि उथळ पायाचं घर वर्षभर तिच्याबरोबर खालीवर होतं. याच मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले खांब काढले, त्यावर पक्क्या इमारती उभ्या राहतात. दाईच्या सासऱ्याने दोन हात खणून विटा रचल्या होत्या.

मिस्त्री आणला. त्याने भेगेवर आडवी, सिमेंटची पातळ पट्टी लावली आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली. तशीच एक स्वयंपाकघराच्या भेगेवर. "भेग मिटायला लागली तर पट्टी फुगून सुटेल. भिंत ओढली जात असेल तर मधून तुटेल. पहिलं घर घ्या, दुसरं घेऊ नका." त्यासाठी एक पावसाळा हवा होता. आमच्याकडे नेमका तेवढाच वेळ होता.

दाईकडे तो नव्हता. दुसरं गिऱ्हाईक चौदा द्यायला तयार होतं. त्याला घर नको, जागा हवी होती, दुकानांसाठी. तिच्या मुलाला ते हवं होतं, आणि त्यात त्याचं काय चुकलं? आम्ही वीस हजार विसार दिला. ती मुलाला म्हणाली, पाऊस होऊन जाऊ दे. ती असं का म्हणाली हे मी तिला विचारलं नाही. कागदांचं तर सांगायला नकोच. खसऱ्यावर तिच्या वारलेल्या नवऱ्याचंच नाव, ते बदलण्यात जुलै-ऑगस्ट गेले.

पाऊस लागल्यावर मी दर तीन दिवसांनी जायची. पहिल्या मोठ्या पावसात आठ ठिकाणी गळलं. दाईने आठ भांडी बरोबर आठ जागी ठेवली, वर न बघता. दरवर्षी कवेलू फेरावे लागतात. फेरणारे आता दोघेच उरलेत, आणि नवी कवेलू कोणी भाजत नाही. पाडलेल्या घरांची विकत घ्यावी लागतात. पत्रे टाका, असं हे म्हणत. मेमध्ये पत्र्याखाली बसून दाखवा, असं मी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुढच्या खोलीतली पट्टी एका कडेने उचलली गेली, मग खपलीसारखी गळून पडली. मागे भेगेत आता नखही शिरेना. त्याच दिवशी स्वयंपाकघरातली पट्टी तुटलेली दिसली, मधोमध, आणि फटीतून परसातला उजेड. शेजारची मोरी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात मुरत होती. पाया खचत होता.

मिस्त्रीने हिशेब मांडला. मागचं पाडून नवं स्वयंपाकघर अडीच लाख. छप्पर उतरवून नवे वासे, मोरी लांब नेणं आणि भिंतींभोवती पाणी बाहेर फेकणारा उतार, सगळं मिळून आणखी दोन. बारा आणि साडेचार, साडेसोळा. वर रजिस्ट्रीचा खर्च. एक रात्र आम्ही दोघंही जागे होतो आणि झोपल्याचं सोंग करत होतो. सकाळी हे म्हणाले, "मागच्या खोलीचे पैसे कशाला द्यायचे?" मी दाईला तेच, जरा बरं करून, सांगितलं. मुलगा रागावला. दाई अकरावर आली. मग उरलेल्यासाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. यांना ते अजून आवडलेलं नाही.

मुनगा भिंतीजवळ आहे, मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतात, तोडा, असंही मिस्त्री म्हणाला. ते झाड दाईने लावलेलं. पण ज्या भिंतीजवळ ते होतं, तीच पाडायची होती. नवं स्वयंपाकघर अंगणाच्या दुसऱ्या अंगाला घेतलं. दाई रायपूरला मुलाकडे असते. शेंगा मी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते.

३० सप्टेंबरला क्वार्टरची किल्ली दिली. दिवाळीआधी रंगारी आला, तेव्हा खिडकीपाशी वीतभर जागा सोडायला सांगितली. तिथे मिस्त्रीने नवी पट्टी लावलीय, नव्या तारखेची. मे अजून यायचाय.